एकाच गाठीचे दोन रिपोर्ट

पनवेलच्या एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बावीस वर्षं काम केलं. पहिली दोन वर्षं रक्त काढण्यात गेली. नंतरची बहुतेक सगळी आतल्या खोलीत, मायक्रोटोम नावाच्या कापायच्या यंत्रासमोर. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आमच्याकडे फॉर्मलिनच्या बरणीत यायचा. सर, म्हणजे लॅबचे मालक आणि पॅथॉलॉजिस्ट, त्यातले हवे ते भाग कापून द्यायचे. ते भाग मी मेणात बसवायचे. काडेपेटीहून लहान असा मेणाचा ठोकळा तयार व्हायचा, त्याला आम्ही ब्लॉक म्हणायचो. ब्लॉक यंत्राला लावून त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घ्यायचे, कोमट पाण्यावर सोडायचे आणि ब्रशच्या टोकाने हळूच काचेवर उचलायचे. त्या काचा मायक्रोस्कोपखाली बघून सर रिपोर्ट लिहायचे. पेशंट मला कधी दिसायचे नाहीत. मला दिसायचे ते रजिस्टरमधले नंबर.

२०१४ साली माझी स्वतःची बरणी तिथे आली.

स्तनातली गाठ मला आंघोळीच्या वेळी हाताला लागली होती. मी त्रेपन्न वर्षांची होते, पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशीच सुईने तुकडा काढून घ्यायला लावला. कॅन्सर निघाला. पनवेलमधल्याच एका सर्जनने गाठ आणि काखेतल्या काही गाठी काढल्या, आणि नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे बरणी आमच्याच लॅबमध्ये पाठवली. मी अर्थात हॉस्पिटलच्या खाटेवर होते. सरांनी दुसऱ्या लॅबमधून एका टेक्निशियनला बोलावून माझे काप काढून घेतले.

रिपोर्ट तसा बरा होता. गाठ दोन सेंटिमीटरहून थोडी मोठी, काखेत काही पसरलेलं नाही, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या गोळ्या लागू पडणारी. इतकी वर्षं असे रिपोर्ट मी हाताळले होते, त्यामुळे मला वाटलं आता पुढचा रस्ता सरळ आहे.

कॅन्सरच्या डॉक्टर वाशीला होत्या. तरुण होत्या, आम्हाला काका-काकू म्हणायच्या. माझ्याबरोबर हे होते. ह्यांचं गाव कोन, नोकरी बंदरातल्या कंटेनर यार्डात, आणि बोलणं अजून गावचंच. डॉक्टरांनी कागद चाळले आणि म्हणाल्या, "काकू, रेडिएशन लागेल. हार्मोनच्या गोळ्या पाच वर्षं लागतील. केमोचं मात्र मला आत्ता सांगता येत नाही."

"सांगता येत नाय म्हंजे?" ह्यांनी विचारलं.

"अशा गाठीला आम्ही पूर्वी सरसकट केमो द्यायचो. त्यातल्या बऱ्याच बायकांना त्याची गरज नसायची. पण कोणाला आहे आणि कोणाला नाही ते कळत नव्हतं. आता एक टेस्ट आहे. गाठीतली जीन्स तपासतात आणि आजार परत यायचा धोका किती, ते आकड्यात सांगतात. आकडा कमी असेल तर केमो टाळता येते."

"जीन म्हंजे आईबापाकडनं आलेलं ना? हिच्या घरात कोणाला नाय हा रोग."

"ती वेगळी टेस्ट, काका. ती रक्तावर करतात. ही फक्त गाठीची आहे. गाठीत कुठली जीन्स किती जोरात चालली आहेत, एवढंच बघतात."

ह्यांनी मान हलवली, पण त्यांना समजलं नव्हतं. मला शब्द समजले होते. तरी परत येताना रिक्षात ह्यांनी मला सगळं पुन्हा विचारलं आणि मला ते धड सांगता आलं नाही.

टेस्ट परदेशात व्हायची. त्यासाठी गाठीचा ब्लॉक लागणार होता, आणि तो ब्लॉक आमच्या लॅबच्या कपाटात होता. ऑपरेशनला महिना होत आला होता. घरी बसून कंटाळा आला म्हणून मी अर्धा दिवस कामाला जायला लागले होते. सरांनी माझे सगळे ब्लॉक टेबलावर काढले. आठ होते. त्यातल्या दोन ब्लॉकमध्ये गाठीचा चांगला भाग होता, तीन नंबर आणि पाच नंबर.

"तीन नंबर पाठवू," सर म्हणाले. "यात गाठ स्वच्छ आहे. पाचमध्ये गाठ जास्त आहे, पण बाजूला त्या पहिल्या तपासणीच्या सुईची जखम आहे. तिथे सूज आहे, भरून येणाऱ्या पेशी आहेत. उगाच भेसळ नको."

नियमानुसार अख्खा ब्लॉक न देता त्याचे काप पाठवायचे होते. सर म्हणाले, "ताई, मी त्या दुसऱ्याला बोलावतो." पण तो माणूस काप जाड काढतो हे मला माहीत होतं. मी म्हटलं, मीच काढते.

यंत्राचं चाक फिरवलं की पात्यावर कापांची पट्टी यायला लागते, तशी ती आली. मी पाण्यावर सोडली, सुरकुत्या मोडल्या, काचेवर उचलली. ते माझंच शरीर आहे असं मी मनाशी म्हणून पाहिलं, पण काही जाणवलं नाही. ती नेहमीसारखी एक पट्टीच राहिली. घरी आल्यावर मात्र मी न जेवता झोपले, आणि ह्यांना कारण सांगता आलं नाही.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. शून्य ते शंभरच्या मापावर माझा आकडा एकवीस होता. खाली एक वर चढत जाणारी रेघ होती आणि तिच्यावर माझा ठिपका. आकड्याखाली लिहिलं होतं, मध्यम.

डॉक्टरांनी माझ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "कमी असता तर नको म्हटलं असतं. जास्त असता तर द्यायचीच म्हटलं असतं. मध्यममध्ये केमोचा फायदा आहे की नाही, हे अजून कोणालाच नक्की माहीत नाही. त्यावर मोठा अभ्यास चालू आहे. निकाल यायला काही वर्षं लागतील."

"मग आमी काय करायचं?" ह्यांनी विचारलं.

"दोन्ही चालेल. तुम्ही घ्या म्हणालात तर मी देईन. नको म्हणालात तरी माझी हरकत नाही."

ह्या उत्तराने आम्ही दोघंही हबकलो. डॉक्टर सांगतील ते करायचं एवढं आम्हाला येत होतं. डॉक्टरांनीच आमच्याकडे बघितल्यावर कुठे बघायचं ते कळेना. शेवटी हे म्हणाले, "मग मध्यम हाय तर केमोपण अर्धीच द्या ना."

डॉक्टर हसल्या नाहीत. "तसं करता येत नाही, काका. अर्धी दिली तर त्रास पुरा होतो आणि उपयोग होईल याची खात्री नाही."

पुढचे आठ दिवस घरात तोच विषय होता. सकाळी मला वाटायचं, नको. केस जातील, उलट्या होतील, आणि कशासाठी ते कोणी सांगत नाही. संध्याकाळपर्यंत वाटायचं, घेऊन टाकू, पुढे काही झालं तर मनाला लागून राहायला नको. ह्यांचंही तसंच, फक्त आमची वेळ जुळायची नाही. मी नको म्हणायचे तेव्हा ते घे म्हणायचे, आणि मी हो म्हटलं की त्यांना माझी दया यायची.

दुसऱ्या टेस्टची कल्पना ह्यांची. कोनला रस्त्यात जमीन गेली तेव्हा पहिली मोजणी ह्यांच्या घरच्यांना मान्य नव्हती. त्यांनी दुसरी मोजणी करून घेतली होती. "एकाच मोजणीवर कोणी सही करतं का?" ते म्हणाले. "दुसऱ्याकडून मोजून घेऊ."

डॉक्टरांना विचारलं, तर अशी दुसरी टेस्ट खरंच होती. ती वेगळी कंपनी करायची, वेगळी जीन्स बघायची, आणि तिच्यात मध्यम असा प्रकारच नव्हता. कमी किंवा जास्त, दोनच. डॉक्टरांनी आधीच सांगितलं, "काकू, दोन टेस्ट करण्याचा सल्ला मी सहसा देत नाही. दोन्ही एकमेकींशी जुळतीलच असं नाही." पण मध्यमचा फास सुटेल म्हणून मला ती हवी होती. टेस्ट महाग होती. ह्यांनी मला तो विषय काढूच दिला नाही.

आता अडचण ब्लॉकची आली. तीन नंबरमधली गाठ पहिल्या टेस्टच्या कापांत बरीच संपली होती. मी तो ब्लॉक उजेडात धरला तर मेणात एक पांढुरकी किनार तेवढी दिसत होती. दुसऱ्या लॅबला लागणारा भाग त्यात नव्हता. सर म्हणाले, "मग पाच नंबर द्यावा लागेल."

"सर, त्यात सुईची जखम आहे म्हणाला होतात."

"हो. पण गाठ भरपूर आहे. आपण जखमेची बाजू खुणेने दाखवू, तेवढी वगळा असं लिहू. ते वगळतील." ब्लॉक परत टेबलावर ठेवत ते म्हणाले, "वगळतील असं धरू."

पाच नंबरचे कापही मीच काढले. सरांनी काचेच्या मागच्या बाजूने पेनाने गोल केला आणि डबी कुरिअरला गेली.

दुसरा रिपोर्ट आला तेव्हा मला तो आधी उलटाच कळला. पहिल्या टेस्टमध्ये आकडा जितका लहान तितकं चांगलं. ह्यात माप उणे एकपासून अधिक एकपर्यंत होतं, आणि माझा आकडा शून्याच्या खाली, उण्यात. मला वाटलं, खाली म्हणजे बरं. मी आतल्या खोलीतून सरांना हाक मारली आणि म्हटलं, "कमी आला." सरांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला. "ताई, इथे उणे म्हणजे जास्त धोका. बघा, खाली लिहिलंय."

खाली तसं लिहिलेलं होतं. मी वाचलंच नव्हतं.

दोन्ही कागद घेऊन आम्ही परत वाशीला गेलो. डॉक्टरांनी ते शेजारी शेजारी ठेवले. एक म्हणत होता मध्यम, तेही खालच्या बाजूला झुकलेलं मध्यम. दुसरा म्हणत होता जास्त.

मी विचारलं, "खरा कुठला?"

"दोन्ही खरे," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्ही टेस्ट वेगवेगळी जीन्स बघतात, वेगवेगळ्या पद्धतीने हिशेब करतात. बायकांच्या मोठ्या गटावर दोन्ही चांगल्या ठरल्या आहेत. पण एकाच बाईला लावल्या की कधी कधी अशा वेगळ्या बोलतात."

"पण ब्लॉकपण वेगळे होते." मी त्यांना तीन नंबर आणि पाच नंबरचं सगळं सांगितलं, सुईच्या जखमेचंही. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"सूज मिसळली असेल तर आकडा वाईट येऊ शकतो, हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण असंही असेल की गाठीचा तो भाग खरंच जास्त जोरात वाढणारा होता आणि तीन नंबरमध्ये तो आलाच नाही. एकाच गाठीत असे दोन स्वभाव असतात. टेस्टमुळे फरक पडला, ब्लॉकमुळे पडला की सुईमुळे, हे मला आज सांगता येणार नाही."

हे म्हणाले, "तिसरी करू या. दोन एका बाजूला आल्या तर बरं."

"तिसरी ह्या दोघींतल्या एकीशी जुळेल, काका. तरी उरलेली खोटी ठरणार नाही. आणि वेळही जातोय. केमो द्यायची तर आता सुरू करायला हवी."

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा स्पष्ट विचारलं, माझ्या जागी तुमची आई असती तर काय केलं असतं. त्यांनी खाली बघितलं. मग म्हणाल्या, "जास्त असा कागद हातात आल्यावर मी तो बाजूला ठेवू शकले नसते. पण ते शास्त्र म्हणून नाही सांगत. भीती म्हणून सांगते."

त्या वाक्यावर मी केमो घेतली. कुठल्या रिपोर्टवर घेतली असं कोणी विचारलं तर मला अजूनही नीट सांगता येत नाही.

दर तीन आठवड्यांनी एक, अशा चार. सलाइन चढायला बरेच तास लागायचे. शेजारच्या खुर्चीवर उरणकडची एक कोळीण असायची. पनवेलच्या बाजारात मासे विकायची, माझ्याएवढीच असेल. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "बाय, तुजी किती येळा हाय?" मी म्हटलं चार. तिच्या आठ होत्या. तिच्या काखेतल्या सात गाठींत आजार गेला होता, त्यामुळे टेस्टचा प्रश्नच आला नव्हता. मी तिला माझ्या दोन रिपोर्टांची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकली.

"मंजे तू नसती घेतली तरी चाललं असतं?"

"कदाचित."

"आनि तरी तू घेतेस?"

"हो."

तिने सुई लावलेला हात जरा नीट उशीवर ठेवला. "मना कोनी इचारलंच नाय," ती म्हणाली. "डाक्तर बोल्ले घ्या, घेतली. तुमी शिकलेल्या बायका, तुमाला इचारतात." ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच माझं वाईट वाटत होतं. माझा आजार तिच्याहून किती तरी हलका होता, आणि तीच मला धीर देत होती, याची मला लाज वाटली. पण तिच्या बोलण्याने बरंही वाटलं.

केस गेले, ते परत आले. उलट्या थांबल्या. रेडिएशन झालं, गोळ्या सुरू झाल्या. राहिलं ते बोटांचं. तिसऱ्या केमोनंतर बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. डॉक्टर म्हणाल्या, औषधाचा परिणाम आहे, बहुतेकांचा हळूहळू जातो. माझ्या पायांचा गेला. हातांचा थोडा कमी झाला आणि तिथेच थांबला. साडीची निरी बोटांना कळायची नाही. चहाचा कप किती गरम आहे ते ओठांना लावल्यावर समजायचं.

कामावर परत गेले तेव्हा मी मायक्रोटोमवर बसले. पट्टी पात्यावर आली. मी ब्रशने उचलायला गेले आणि ती फाटली. दुसरी दुमडली. पाचव्या-सहाव्या वेळी एक काचेवर आली, पण तिला मधोमध सुरकुती होती. ब्रशवर किती जोर पडतोय हेच बोटांना कळत नव्हतं. आणि तो ब्लॉक कोणाचा तरी होता. त्यातला भाग मी माझ्या सरावासाठी वाया घालवत होते. मी चाक थांबवलं आणि सरांना जाऊन सांगितलं.

त्यांनी वर्षभर वाट बघितली. नवीन टेक्निशियन आली, तिला मी शिकवलं. तोंडाने सगळं सांगता यायचं, करून दाखवता यायचं नाही. नंतर मी बाहेरच्या काउंटरवर बसायला लागले, रिपोर्ट द्यायला.

२०१८ मध्ये एका तपासणीला गेले असताना डॉक्टर स्वतःहून म्हणाल्या, "काकू, तो अभ्यास आठवतो? त्याचा निकाल आला." मध्यम आकड्याच्या हजारो बायकांना त्यात दोन गटांत घातलं होतं, एका गटाला केमो आणि गोळ्या, दुसऱ्याला नुसत्या गोळ्या. माझ्या वयाच्या, पाळी गेलेल्या बायकांना एकवीस आकड्यावर केमोचा फायदा दिसला नव्हता. "आज तुम्ही फक्त तो पहिला रिपोर्ट घेऊन आला असतात," त्या म्हणाल्या, "तर मी केमो नको म्हणून सांगितलं असतं."

मी हात मांडीवर ठेवून बसले होते. ह्यांनी विचारलं, "मग ती दुसरी टेस्ट चुकली?"

"तसंही म्हणता येत नाही. त्या टेस्टचाही स्वतंत्र अभ्यास झालाय. तिच्यात कमी आलेल्या बऱ्याच बायकांची केमो टळली. पण काकूंचा तिच्यात जास्त आला होता."

"म्हंजे अजून तसंच," हे म्हणाले.

"अजून तसंच," डॉक्टर म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मला राग यायला हवा होता असं वाटलं. कोणावर, ते सापडेना. डॉक्टरांनी कधी काही लपवलं नव्हतं. सरांनी पहिल्या वेळी चांगला ब्लॉक निवडला होता, दुसऱ्या वेळी उरलेला दिला होता. दुसऱ्या टेस्टचा हट्ट ह्यांचा, पण इच्छा माझी. आणि काप मी काढले होते. ते जरा कमी काढले असते, तीन नंबरमध्ये दुसऱ्या टेस्टपुरती गाठ राहिली असती, तर काय आलं असतं, हा विचार अजून कधी तरी येतो. मग वाटतं, तरीही उणेच आलं असतं आणि मग पाच नंबरला दोष देता आला नसता. आज मी बरी आहे. केमोमुळे बरी आहे की केमो नसती तरी बरी असते, हे केमो घेतलेली मी आणि न घेतलेली मी, अशा दोन बायकांना विचारावं लागेल, आणि मी तर एकच आहे.

त्याच सुमाराला काउंटरवर एक बाई आली. चाळिशीची असेल, बेलपाड्याहून आलेली. तिच्या गाठीचा ब्लॉक जीन्सच्या टेस्टसाठी बाहेर पाठवायचा होता, त्याची चौकशी करत होती. फॉर्म भरून झाल्यावर ती घुटमळली आणि म्हणाली, "मावशी, माझा दीर म्हणतो दोन ठिकाणी पाठवा, म्हणजे खात्री होईल. तुम्ही इथे रोज बघता. काय करू?"

मी तिला काय सांगणार होते ते मलाच माहीत नव्हतं. सगळं सांगावं तर तिला काउंटरपुढे उभं करून घाबरवल्यासारखं झालं असतं, आणि नुसतं नका करू म्हणावं तर ते मला कुठे ठाऊक होतं. मी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग म्हटलं, "डॉक्टरांना आधी एक विचारा. दोन्ही रिपोर्ट वेगळे आले तर तुम्ही काय कराल, हे आत्ताच विचारा. त्याचं उत्तर मिळालं तर पाठवा."

"आणि उत्तर नाही मिळालं तर?"

"मग घरी जाऊन दिरालाही तेच विचारा."

तिने मान हलवली. तिला पटलं की नाही ते कळलं नाही. ती पर्स उघडून त्यात फॉर्मची पावती ठेवत होती, आणि मी तिच्या ब्लॉकचा नंबर रजिस्टरमध्ये लिहायला घेतला.